मडगार्डवरचे ठोके

मला जे आठवतं ते कितपत खरं आहे, याची खात्री आता मला देता येत नाही. गेल्या महिन्यात ही हकिकत मुलीला सांगत होतो, तर ती म्हणाली, "बाबा, मागच्या वेळी तुम्ही दाट धुकं होतं म्हणालात. आता म्हणता लख्ख ऊन होतं." मला दोन्ही आठवतं. चौतीस वर्षं मी तर्कशास्त्र शिकवलं. साक्षीदाराची साक्ष कशी तपासावी यावर माझं एक पुस्तकही आहे. फार कोणी वाचलेलं नाही. त्या पुस्तकातल्या कसोट्या लावल्या, तर माझी स्वतःची साक्ष पहिल्याच फेरीत बाद होईल. म्हणून त्या संध्याकाळी हॉस्पिटलच्या बाकावर बसून खिशातल्या डायरीत जे लिहिलं होतं, तेवढ्याला धरूनच सांगतो. अक्षर वेडंवाकडं आहे, कारण माझ्या उजव्या तळहाताची कातडी गेलेली होती.

ती कातडी कशी गेली, तिथूनच सुरुवात करायला हवी.

बायकोचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं होतं आणि त्या दिवशी दहा वाजता तिला सोडणार होते. हॉस्पिटल घाटापलीकडे, तीस किलोमीटरवर. "वेळेवर या," तिने फोनवर बजावलं होतं. "इथली पेज आणखी एक दिवस गिळावी लागली तर मी चालत येईन." सकाळी आठला खिडकीबाहेरचा पारा उणे चोवीस दाखवत होता.

त्या गावात हिवाळ्यात गाडी ठेवणं म्हणजे घरात एक दुखणाईत सांभाळण्यासारखं होतं. संध्याकाळी बॅटरी काढायची आणि लहान मूल उचलावं तशी घरात आणून शेगडीजवळ फळीवर ठेवायची. वायपर काचेपासून उचलून उभे करायचे, नाहीतर सकाळी रबर काचेलाच राहतं. हँडब्रेक ओढायचा नाही, तो रात्रीत गोठून बसतो. त्याऐवजी चाकाखाली वीट. बॉनेटवर जुनी गोधडी. यातलं मी काही चुकवलं नव्हतं. चुकलो ते सकाळी. बॅटरी जोडताना हातमोजे काढले आणि ते घालायचे विसरून दाराची कडी पकडली. हात लोखंडाला चिकटला. अशा वेळी श्वासाने ऊब देऊन हळूहळू सोडवायचा असतो, हे मला ठाऊक होतं. पण घाई होती, राग आला, आणि मी हात हिसडला. तळहाताचा एक पांढरा पापुद्रा कडीवरच राहिला.

त्यानंतर गाडी सुरू होईना. किल्ली फिरवली की नुसतं टक, टक. जन्मात मी कोणावर हात उगारलेला नाही, वर्गातल्या वात्रट मुलावरही नाही. त्या सकाळी मात्र मी खाली उतरून गाडीच्या दाराला लाथ घातली. एक नाही, तीन. पत्र्याला पोचा पडला तेव्हा बरं वाटलं, हेही डायरीत आहे.

मिस्त्रीची शेड उताराला, शंभर पावलांवर होती. तो स्वतःच आला आणि आम्ही दोघांनी गाडी ढकलत खाली नेली. पन्नाशीचा, रुंद, सतत काहीतरी चघळणारा माणूस. कधीतरी जॅक निसटून त्याच्या उजव्या हाताचा अंगठा चेचला गेला होता. तो चमच्यासारखा चपटा झाला होता आणि नख नव्हतं. दाराचा पोचा बघून तो हसला.

"लाथ मारलीत, सर?"

"मारली."

"मारायलाच पाहिजे. पण चुकीच्या जागी मारलीत." त्याने बॉनेट वर केलं, हातोडा घेतला आणि स्टार्टरवर चार घाव घातले. सगळी गाडी हादरली. "ही जात मार खाल्ल्याशिवाय ऐकत नाही. तुमच्या पुस्तकात नसेल हे."

"नाही."

"मग पुढच्या आवृत्तीत घाला."

त्याची बायको शेडमध्ये जळक्या तेलाच्या शेगडीशेजारी उलट्या डब्यावर बसून नट-बोल्ट निवडत होती. मी तिला वहिनी म्हणत असे. ती न बघताच म्हणाली, "सरांचा हात बघा आधी. रक्त गळतंय फरशीवर." मग उठून तिने स्वच्छ फडक्याने माझा हात बांधला. "बायकोला आणायला निघालात आणि स्वतःच पेशंट झालात," म्हणाली. तिच्या बोटांना ऑइलचा वास होता. ते मला नीट आठवतं.

आता मिस्त्रीची एक पद्धत सांगतो, कारण सगळं तिच्यावर उभं आहे. बॉनेट वर असलं की आत बसलेल्या माणसाला मिस्त्री दिसत नाही. त्यात काच बर्फाने पांढरी, खिडक्या बंद, शेगडीचा भरभर आवाज. हाका ऐकू येत नाहीत. म्हणून त्याने ठरवून टाकलं होतं. डाव्या मडगार्डवर उजव्या तळहाताचे दोन ठोके म्हणजे सेल्फ मारा. एक ठोका म्हणजे ताबडतोब थांबा. तिसरा हुकूम नाही. पहिल्या हिवाळ्यात त्याने मला हे समजावलं तेव्हा मी विचारलं होतं, शिट्टी का नाही वाजवत? तो म्हणाला, "शिट्टी तोंडाने वाजते, सर. हात तेव्हा कुठेही असू शकतात. ठोका वाजला म्हणजे माझा हात बाहेर, पत्र्यावर आहे. पंख्यात नाही."

मला त्याचं इतकं कौतुक वाटलं होतं की ते उदाहरण मी वर्गात वापरायला लागलो. खूण आणि पुरावा एकच असल्याचं इतकं स्वच्छ उदाहरण पुस्तकात सापडत नाही.

नऊ वाजून दहा मिनिटांनी मी गाडीत बसलो. तो म्हणाला, पंख्याचा पट्टा सैल झालाय, गारठ्याने कडक पडलाय, तो ताणून घेतो, मग सांगतो. त्या जुन्या गाड्यांना पुढे जाळीमागे पोलादी पात्यांचा पंखा असे आणि तो इंजिनबरोबरच फिरे. मी हात मांडीवर ठेवून बसलो. किल्ली भोकात होती. ती काढून खिशात का ठेवली नाही, हा प्रश्न मला नंतर चौकशीत विचारला गेला, आणि त्याआधी आणि त्यानंतर मी स्वतःला रोज विचारला आहे. उत्तर एवढंच आहे की ठोक्यांवर माझा विश्वास होता.

श्वासाने आतली काचही धुरकट झाली होती. बॉनेटच्या फटीतून त्याच्या स्वेटरचा तपकिरी तुकडा हलताना दिसत होता. पाना घसरल्याचा आवाज. एक शिवी. मग शांतता.

मग डावीकडून, स्पष्ट, पत्र्यावर तळहाताचे दोन ठोके.

मी किल्ली फिरवली.

सकाळपासून जी गाडी खाकरलीही नव्हती, ती त्या क्षणी पहिल्याच झटक्यात पेटली. आधी इंजिनचा आवाज आला. मग ओल्या फांद्या एकामागून एक मोडाव्यात तसा दुसरा आवाज. बॉनेटच्या फटीतून काचेवर काहीतरी उडालं, आणि बर्फावर पडताच त्याची वाफ झाली. मिस्त्री ओरडला नाही. ओरडली ती वहिनी.

मी उतरलो. इंजिन चालूच होतं, पंख्याचं एक पातं वाकून दर फेऱ्याला जाळीवर आपटत होतं. मिस्त्री दोन पावलं मागे उभा होता आणि उजवा हात डोळ्यांसमोर धरून, एखादा खराब झालेला सुटा भाग बघावा तसा बघत होता. अंगठा होता. शेजारचं पहिलं बोट होतं. त्यापुढे तीन खुंट होते आणि त्यांतून रक्त कोपरापर्यंत वाहत होतं. जाळीत अडकलेलं काय होतं, ते मी एकदाच पाहिलं.

"सर," तो अगदी शांतपणे म्हणाला, "मी ठोकलं नव्हतं."

वहिनीने टॉवेल गुंडाळला, त्यावर दुसरा. गावात त्या सकाळी सुरू असलेली गाडी एकच होती. तीच. मिस्त्रीला मी पुढे माझ्या शेजारी बसवलं, वहिनी मागे बसली आणि दोन सीटच्या मधून तिने त्याचं मनगट दोन्ही मुठींत आवळून धरलं. त्याआधी तिनेच बॉनेट खाली आदळलं होतं. मिस्त्री एरवी बॉनेट आपटून वर तळहाताने दाबत असे, खटका बसल्याचा आवाज येईपर्यंत. त्या दिवशी दाबायला कोणी नव्हतं. खटका वाजला की नाही, मला आठवत नाही. डायरीतही नाही.

"इंजिन बंद पडू देऊ नका," मिस्त्री म्हणाला. "आता बंद पडलं तर उठणार नाही. पाय दाबून ठेवा."

घाटाचा रस्ता रिकामा होता. दोन्ही बाजूंना कमरेएवढा बर्फ, मधे काळी निसरडी पट्टी. पुढे ते वाकडं पातं खट, खट, खट. गाडीत रक्ताचा आणि तापलेल्या रबराचा वास भरला होता. पाच-सहा किलोमीटरवर मिस्त्रीच बोलला.

"सर... तुम्ही ऐकलंत?"

"दोन," मी म्हणालो. "मी दोन ऐकले. म्हणून फिरवली किल्ली. नाहीतर मी..."

"मीही ऐकले."

मी त्याच्याकडे पाहिलं. ओठ निळे पडले होते.

"माझ्या कोपराखाली वाजले. कोपर मडगार्डवर टेकलेलं होतं ना... बाहेरून नाही वाजले. आतून. पत्रा खालून माझ्या हाडाला लागला."

"बोलू नका तुम्ही," वहिनी मागून म्हणाली. मग मला, अगदी खालच्या आवाजात: "सर, त्यांच्या तोंडून काही वदवून घेऊ नका. ते शुद्धीवर नाहीत. मी समोर बसले होते. त्यांचे दोन्ही हात आत होते आणि कोणी काही वाजवलेलं नाही. तुम्ही किल्ली फिरवलीत."

"वहिनी, मी शपथ..."

"रस्त्याकडे बघा."

मी रस्त्याकडे बघितलं. मनात एवढंच चाललं होतं: हा माणूस जगला, तर निदान एक साक्षीदार असेल की मला भास झाला नव्हता. हे लिहायला लाज वाटते. शेजारी त्याचं रक्त जात होतं आणि मला माझ्या साक्षीची काळजी होती.

घाटाच्या माथ्याशी ठोका वाजला.

एकच. डाव्या मडगार्डवर, तळहाताचा. पात्याची खटखट निराळी होती. हा तिच्याहून जड, माणसाचा. स्टिअरिंगमध्ये तो मला जाणवला.

"एक," मिस्त्री म्हणाला. त्याचे डोळे पूर्ण उघडले. "सर, एक वाजला. थांबा."

"काही वाजलेलं नाही," वहिनी म्हणाली. "थांबलात तर ही बंद पडेल. मग इथे कोण येणार? सर, थांबू नका. हात जोडते तुम्हाला... जोडायला हात मोकळे नाहीत माझे."

"थांबा, सर..."

एकदा खोटी ठरलेली साक्ष दुसऱ्यांदाही खोटीच असते, असं मानणं ही चूक आहे. हे मी दरवर्षी पहिल्याच तासाला शिकवत असे. पण त्या ठोक्यावर मी एकदा विश्वास ठेवला होता, आणि त्याची तीन बोटं अजून जाळीत होती. मी थांबलो नाही. उलट पाय दाबला. गाडीने उतार धरला, वेग वाढला.

पुढच्या वळणाच्या तोंडाशी वारा समोरून आला आणि बॉनेट उघडलं.

ते एखाद्याने दोन्ही हातांनी उचलून फेकावं तसं काचेवर आदळलं. समोरचं सगळं एकदम काळं झालं. मी ब्रेक दाबला, आणि त्या रस्त्यावर तेच करायचं नसतं. गाडी आडवी झाली, तशीच घसरत गेली आणि कठड्याच्या दगडावर डाव्या अंगाने आदळली. डावीकडची बिजागरी तुटली. बॉनेटची कड काच फोडून आत आली. मिस्त्रीच्या बाजूने आली. छातीच्या वर, हनुवटीच्या खाली. मी एवढंच सांगतो. त्याने डावा हात वर केला होता, तो हातही मधे सापडला. उजवा हात वहिनीने सोडला नव्हता. तिचं गळ्याजवळचं हाड मोडलं होतं, तरी तिने मूठ सोडली नव्हती. रक्त थांबावं म्हणून ती आवळतच होती, आणि आता ते थांबलं होतं.

इंजिन बंद पडलं नाही. एवढा मार खाऊनही ते चालत राहिलं. खट, खट, खट. किल्ली माझ्या गुडघ्याजवळ होती. तिला पुन्हा हात लावणं मला जमलं नाही. शेवटी वहिनी मागून पुढे वाकली आणि तिनेच ती फिरवली. फिरवताना ती किल्लीकडे नाही, माझ्याकडे बघत होती.

पुढचं सगळं कागदोपत्री आहे. दुधाच्या लॉरीने आम्हाला उतरवून नेलं. मी बायकोच्याच हॉस्पिटलात पोचलो, दोन बरगड्या मोडून. चौकशी झाली. वहिनीने जे पाहिलं ते सांगितलं, आणि त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. मी जे ऐकलं ते सांगितलं. अधिकारी सभ्य होता, त्याने लिहून घेतलं, "भास झाला असावा." अपघात ठरला, मला शिक्षा झाली नाही. घरी बायको म्हणाली, "तुम्हाला ऐकू आलं म्हणता ना, मग आलं असेल. आता जेवा." त्या 'असेल'बरोबर मी अकरा वर्षं राहिलो. तर्कशास्त्र शिकवणं मी त्याच वर्षी सोडलं. मुलांसमोर उभं राहून 'पुरावा' हा शब्द उच्चारला की माझ्या तळहाताला घाम येई.

मोडकी गाडी मला परत नको होती. ती वहिनीच्या शेडमागे पडून राहिली. वहिनी रस्त्यात भेटली की दुसऱ्या बाजूला जात असे.

अकरा वर्षांनी तिचा फोन आला. आवाज मी ओळखला नाही.

"सर, शेड विकली. भंगारवाला गाडी कापतोय. डावं मडगार्ड मी बाजूला ठेवायला लावलंय. तुम्ही या."

"काय झालं, वहिनी?"

"फोनवर सांगण्यासारखं नाही. मोजपट्टी घेऊन या. तुम्हाला लागेल."

मी गेलो. पुढच्या अंगाने चेपलेलं ते मडगार्ड तिने कामाच्या टेबलावर उलटं मांडलं होतं, आतली बाजू वर. त्या बाजूला गंज चढू नये म्हणून मिस्त्री डांबराचा जाड थर देत असे. आमच्या गाडीला त्याने तो दोन हिवाळ्यांआधी दिला होता. उणे चोवीसला ते डांबर दगड होतं, त्यावर छिन्नी चालत नाही. शिवाय बसवलेल्या स्थितीत तिथे चार बोटं जेमतेम शिरतील एवढीच फट असते. मी भंगारवाल्याला विचारलं. वाळलेला चिखल त्यानेच खरवडायला सुरुवात केली होती, म्हणाला. खाली काय आहे ते दिसल्यावर थांबला आणि बाईंना हाक मारली.

डांबरात तळहाताचे ठसे होते. तीन.

मी मोजपट्टी काढली; वहिनीने ती घेतली आणि आकडे सांगितले, मी लिहिले. ठशातला अंगठा चमच्यासारखा चपटा आहे, नखाची खूण नाही. "हा त्यांचा हात," ती म्हणाली. मी म्हणालो, डांबर लावताना ओल्यात उमटला असेल. माझी सवय जात नाही. ती म्हणाली, "बोटं मोजा, सर."

मी मोजली. प्रत्येक ठशात चपटा अंगठा आहे, शेजारचं पहिलं बोट आहे आणि पुढे तीन आखूड खुंट आहेत. मिस्त्रीचा हात तसा झाल्यावर तो जेमतेम पाऊण तास जगला, आणि त्यातला जवळजवळ सगळा वेळ तो हात टॉवेलात, वहिनीच्या मुठीत होता.

"तुम्ही ऐकलं होतंत," वहिनी म्हणाली. मग मोजपट्टी माझ्या हातात देत: "तेही म्हणाले होते, थांबा... मीच म्हटलं, थांबू नका."

मी बाकीची मापं लिहून घेतली. पहिले दोन ठसे एकमेकांना लागून आहेत, दोन्ही उथळ, दोन मिलिमीटर. तिसरा एक वीत अंतरावर, एकटा आहे. तो डांबर फोडून पत्र्यापर्यंत गेला आहे.